कारखान्यात बोट गेलं, मालक ईएसआयला (कामगार राज्य विमा) कळवायला तयार नाही, काय करता येईल?

धाकटा_पूर्वभाग
जून २०२४

नमस्कार मंडळी. जरा लांबेल पण सगळं सांगतो. माझा थोरला भाऊ सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे, आठ वर्षं झाली एकाच ठिकाणी. दहा दिवसांपूर्वी रात्रपाळीत गिअरजवळ तूस (सुताचा कचरा) अडकलं होतं ते काढायला गेला आणि उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आत गेलं, दोन पेरं गेली. तिथलं कव्हर दिवाळीपासूनच काढून ठेवलंय, रोज काढाघाला कशाला करायचं म्हणून जॉबरनंच (माग दुरुस्त करणारा मुकादम) काढलेलं.

जॉबर आणि मालकाचा पोरगा त्याला गाडीवर घालून खासगी दवाखान्यात घेऊन गेले, तिथं डॉक्टरनं विचारलं कसं झालं तर जॉबरनंच सांगून टाकलं की मोटरसायकलच्या चेनमध्ये बोट गेलं. दादा तेव्हा कळवळत होता, त्याला काय सुचणार. आता केसपेपरवर तेच लिहिलंय. बिल मालकानं भरलं, ते खोटं नाही बोलणार.

मी म्हणलं ईएसआयला कळवा, तर मालक म्हणतो कशाला लफडं, मी बघतोय की, बोट बरं झालं की ये, तोवर हलकं काम देतो, गेटवर बस. आणि काल दिवाणजीकडनं स्टॅम्पपेपर पाठवला, १५,००० घेतले आता काही तक्रार नाही असं लिहिलेलं. दादाच्या अंगावर ६०,००० उचल आहे, वहिनीच्या बाळंतपणात घेतलेली. सही नाही केली तर उचल आत्ताच्या आत्ता टाक म्हणतील ही भीती.

ईएसआयचं कार्ड आहे, चार वर्षांपूर्वी काढलेलं, पण पैसे भरतात की नाही माहीत नाही. पगार पाकिटातनं मिळतो, आठवड्याला ३,००० धरा. मालकानं रिपोर्टच केला नाही तर आपण काहीच करू शकत नाही का? तो म्हणतो माझ्या सहीशिवाय तिथं कुणी उभं करत नाही.

सुताचा_गुंडा

वाईट वाटलं भावा. पण खरं सांगू का, गोडीगुलाबीनं घ्या. सोलापुरात कारखानदार सगळे एकमेकांचे पावणे नाहीतर दोस्त, एकाकडं भांडलं की दुसरा मागावर घेत नाही. १५ च्या जागी ५० मागा, उचल माफ करून घ्या आणि विषय संपवा. कोर्टात जाऊन म्हातारं व्हायचं का.

दिवाणजी_होतो_आता_नाही

वरच्या दोस्ताचं मला पटत नाही, का ते सांगतो. मी बावीस वर्षं दुसऱ्या एका कारखान्यात दिवाणजी होतो, हजेरीचं बुक माझ्या हातानं लिहिलंय, त्यामुळं हे नाटक आतून माहीत आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या, ईएसआय व्यवस्थित भरलेलं असेल तर अपघात कळवल्यानं मालकाच्या खिशातनं एक रुपया जात नाही. उपचार ईएसआयचे, रजेचे पैसे ईएसआयचे, कायमचं अधूपण राहिलं तर त्याचे पैसे पण ईएसआयचेच. उलट दवाखान्याचं बिल स्वतः भरायचं आणि वर १५,००० द्यायचे हे जास्त महाग पडतं. मग माणूस स्वस्तातलं सोडून महागातलं का करतोय? कारण बोट त्याला लपवायचंच नाही, त्याला लपवायचंय हजेरीचं बुक. रिपोर्ट गेला की कुणीतरी विचारतं हा माणूस कधीपासून आहे, पगार किती दाखवला, पाळीला किती माणसं. चाळीस माणसं पळतात आणि बुकात नऊ. किंवा तुमच्या दादाचा पगार महिन्याला चार दिवस हजर असा दाखवलेला. कव्हरचं प्रकरण तर वेगळंच निघतं. तो घाबरलाय तो ह्याला.

म्हणून आधी बघा की वर्गणी भरलीय का. कार्डावर दहा आकडी विमा नंबर असेल, ईएसआयच्या साइटवर नाहीतर उमंग ॲपवर त्या नंबरनं लॉगिन केलं की कुठल्या महिन्यात किती दिवस आणि किती पगार दाखवला ते दिसतं. जमलं नाही तर टोल फ्री १८००-११-२५२६. किंवा सरळ शाखा कार्यालयात जा, नंबर सांगा, प्रिंट मागा. कामगाराच्या पगारातनं ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के असा दर आहे जुलै २०१९ पासून. पाकिटातनं कापत असतील आणि भरत नसतील तर तो वेगळा गुन्हा.

आणि गेटवर बसू नका!! हलकं काम म्हणून जो दिवस हजेरी लागली, त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत, वर मालक म्हणायला मोकळा की माणूस तर कामावर होता, कसली दुखापत.

धाकटा_पूर्वभाग

दिवाणजी अन्ना, बघितलं आत्ता. चार वर्षांपूर्वी सात महिने भरलेत, मग बंद. गेल्या वर्षी परत तीन महिने. या वर्षी काहीच नाही. म्हणजे आता गेलंच की सगळं?

आणि माणसं विचारली तर, दोन पाळ्यांचे मागवाले २६, वार्पिंगचे ४, कांड्या भरणाऱ्या आणि टॉवेलला शिलाई मारणाऱ्या बायका १२-१३, वॉचमन एक. पण बोर्ड तीन लावलेत, एक मालकाच्या नावानं, एक बायकोच्या, एक पोराच्या. शेड एकच, मीटर एकच.

मोफत_सल्ला_केंद्रवाली

धाकटे दादा, मी विधी सेवा प्राधिकरणाकडं स्वयंसेवक म्हणून काम करते, वकील नाही, पण अशी प्रकरणं बऱ्यापैकी बघितलीत. आमची आई विडी वळायची, त्यामुळं कार्ड असून उपयोग नाही हे दुखणं घरचंच आहे.

वर्गणी नाही भरली म्हणून काही गेलं नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की कारखान्याला ईएसआय लागू होतो, मालकानं नोंदणी केली असो वा नसो, आणि एकदा लागू झाला की पुढं माणसं कमी झाली तरी सुटत नाही. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असणारा कामगार त्यात येतो. बोर्ड तीन असले तरी शेड एक, मीटर एक, दिवाणजी एक असेल तर तिन्ही एकच धरता येतात, ते अधिकारी येऊन ठरवतात. मालकानं वर्गणी बुडवली म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल तर कलम ६८ आहे, ईएसआय महामंडळ कामगाराला देतं आणि मालकाकडनं दुपटीच्या हिशोबानं वसूल करतं. आजारपणाच्या लाभासाठी ठराविक दिवस वर्गणी भरलेली लागते, पण कामावरच्या दुखापतीला ती अटच नाही, कामाला लागला त्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

आता मालकाच्या सहीचं. त्यानं अपघाताचा रिपोर्ट, फॉर्म १२, पाठवायचा असतो हे खरं, आणि कारखान्यात अपघाताची वही ठेवायची असते हे पण. पण नाही पाठवला तर तो त्याचा गुन्हा झाला, तुमचा हक्क त्याच्या सहीला टांगलेला नाही. कामगारानं स्वतः, तोंडी किंवा लेखी, अपघात झाला हे सांगायचं असतं, तुम्ही ते लेखीच करा. साध्या मराठीत एक पान. तारीख, पाळी, किती वाजता, कुठल्या नंबरच्या मागावर, काय करत होता, शेजारच्या मागावर कोण होतं, दवाखान्यात कोण घेऊन गेलं, आणि कव्हर कधीपासून काढलेलं आहे. शेवटी फक्त एवढंच, की हा अपघात कामावर झाला, त्याची नोंद अपघाताच्या वहीत करून ईएसआयला रिपोर्ट पाठवावा. शिव्या नाहीत, धमकी नाही, भरपाईचा आकडा नाही. उजवा हात चालत नसेल तर दुसऱ्यानं लिहून दादांचा डाव्या अंगठ्याचा ठसा आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. एक प्रत मालकाला रजिस्टर एडीनं, एक ईएसआय शाखेला हातोहात देऊन शिक्का घ्यायचा, एक घरात. शिक्का मारत नाहीत म्हणाले तर वाद घालू नका, तीच प्रत तिथल्याच पोस्टातनं पाठवा.

पुढं, दादांना ईएसआयच्या डॉक्टरकडं दाखवा, उद्याच. रजेचा दाखला त्यांचाच लागतो. अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम करता आलं नाही तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो, सरासरी पगाराच्या ९० टक्के. गेलेल्या दहा दिवसांसाठी खासगी दवाखान्याचे कागद लावून विनंती करता येते, पण पुढचे दिवस तरी वाया घालवू नका.

मोटरसायकलच्या चेनचं मात्र गंभीर आहे, ते आधी निस्तरा. त्या डॉक्टरला लेखी अर्ज द्या की जखमी माणूस बोलण्याच्या स्थितीत नव्हता, माहिती दुसऱ्यानं दिली, खरी हकीकत अशी आहे. ते जुना पेपर खोडणार नाहीत, खोडूही नये, पण अर्ज घेतल्याची पोच मिळाली तरी पुष्कळ. आणि आता ज्या कुठल्या डॉक्टरपुढं जाल तिथं पहिल्या वाक्यात खरं सांगा, पट्टी बदलायला गेलात तरी.

सुताचा_गुंडा

बरं मी गप बसतो. पण एक शंका, ईएसआयचे पण घ्यायचे आणि मालकावर कामगार भरपाईची केस पण टाकायची असं दोन्ही करता येतं ना? आमच्या गल्लीतल्या एकाला वकिलानं तसंच सांगितलं.

मोफत_सल्ला_केंद्रवाली

नाही. ज्याला ईएसआय लागू आहे त्याला त्याच दुखापतीसाठी १९२३ च्या भरपाई कायद्यात मागता येत नाही, कलम ५३ नं ते दार बंद आहे. दुसरा कायदा ज्यांना ईएसआय लागूच नाही त्यांच्यासाठी, म्हणजे सात-आठ माणसांची शेड वगैरे. दोन्हीकडं केस टाकायला लावणारा वकील दोन फिया घेईल, एवढंच.

आकड्यांचा अंदाज हवा असेल तर सांगते. तर्जनीची दोन पेरं गेली तर दोन्ही कायद्यांच्या परिशिष्टात कमाईची क्षमता ११ टक्के गेली असं धरलंय (एक पेर ९, पूर्ण बोट १४, अख्खा अंगठा ३०). ईएसआयमध्ये मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि ९० टक्क्यांच्या दराचा तेवढा हिस्सा जन्मभर महिन्याला मिळतो. पगार १२,००० धरला तर १०,८०० चे ११ टक्के, ११८८ रुपये महिना. थोडे वाटतात, पण दादा पस्तिशीत असतील तर हिशोब करा किती वर्षं. भरपाई कायद्यात एकरकमी असतं. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७२००, गुणिले वयाचा आकडा, ३५ ला तो १९७.०६ आहे, त्याचे ११ टक्के. साधारण १,५६,००० येतात. त्या कायद्यात पगार कितीही असला तरी जानेवारी २०२० पासून १५,००० पर्यंतच धरतात. महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवली तर निम्म्यापर्यंत दंड.

आता ते १५,००० परत एकदा बघा.

चार_बोटांचा_जॉबर

मला लिहायची सवय नाही, पोराला सांगून टाइप करतोय. माझं मधलं बोट २००३ ला गेलं, तेव्हा मीच जॉबर होतो त्यामुळं मलाच लाज की जॉबर असून हात घातला. मालक घरी आला, पेढे घेऊन आला बगा पेढे, बोट गेल्यावर पेढे. कोऱ्या कागदावर सही घेतली, म्हणला बँकेत लागतो. पुढं त्याच कागदावर मी नोकरी सोडली असं लिहिलेलं निघालं. आठ वर्षाची सर्विस गेली ग्रॅच्युइटी गेली. बोटाचं काय घेऊन बसलाव, थंडीत अजून ठणकतंय.

तुमच्या भावाच्या शेजारच्या मागावर जो होता त्याला आजच भेटा. महिन्यानं तो पण म्हणणार मी चहाला गेलतो. मी पण म्हणलेलो एकाच्या वेळी, खोटं कशाला बोलू. नाव लिहून घ्या, जमलं तर व्हॉट्सॲपवर त्याच्याकडनं साधं विचारून घ्या, बोट कसं आहे, त्या रात्री किती वाजले होते असं. तो उत्तर देतोय तेवढं ठेवा.

धाकटा_पूर्वभाग

काका, तुमचं वाचून दादाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, बराच वेळ बसून राहिला.

दोन गोष्टी अजून. मालक म्हणतो चूक त्याचीच, चालू मागात हात घालायचा नाही हा नियम आहे. आणि उचलीचं काय, ती ह्यातनं कापून घेतील का? आणि कामावरनं काढलं तर?

दिवाणजी_होतो_आता_नाही

नियम आहे म्हणे. माग बंद करून तूस काढा, मग नगामागं पैसे कमी झाले की हाच मालक बोंबलणार. मी स्वतः मीटरचे आकडे लिहिलेत, माग बंद ठेवणाऱ्याचा हप्ता (आठवड्याचा पगार) कसा उतरतो ते माहीत आहे. असो, कायद्याचं ताई सांगतील.

मोफत_सल्ला_केंद्रवाली

चूक कुणाची ह्या प्रश्नाचं उत्तर ईएसआय कायद्यातच आहे. ५१अ म्हणतं की कामाच्या दरम्यान अपघात झाला असेल तर उलट पुरावा नसेपर्यंत तो कामामुळंच झाला असं धरायचं. ५१ब म्हणतं की नियम मोडून काम केलं असेल तरी ते मालकाच्या धंद्यासाठी केलं असेल तर हक्क जात नाही. तूस काही दादा घरी नेणार नव्हते. भरपाई कायद्यात मात्र मालकाला दारू पिऊन होता, मुद्दाम गार्ड काढला असा बचाव घेता येतो, म्हणून कव्हर कुणी आणि कधी काढलं हे पहिल्याच अर्जात यायला पाहिजे म्हणलं.

उचल वेगळी, लाभ वेगळा. ईएसआयचा लाभ जप्त करता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. भरपाईची रक्कम पण कर्जात वळती करता येत नाही. उचल फेडायची आहे ती फेडायचीच, पण ती पगारातनं, ठरल्याप्रमाणं, बोटातनं नाही. त्या स्टॅम्पपेपरवर सही झाली तरी हक्क सोडल्याचा करार कायद्यापुढं टिकत नाही, पण टिकत नाही हे सिद्ध करायला दोन वर्षं जातील, म्हणून करूच नका. कागद मात्र परत देऊ नका, फोटो काढा. त्यानंच १५,००० कशाबद्दल देतोय ते लिहून दिलंय, यासारखा पुरावा नाही.

तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामावरनं काढता येत नाही, कलम ७३. म्हणून पण ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लवकर घ्या म्हणते. काढलंच तर ती नोटीस कलमाविरुद्ध जाते.

फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, तिथंही एक प्रत द्या. अपघातानं ४८ तास किंवा जास्त काम बंद राहिलं तर फॅक्टरी कायद्यात तिथं कळवणं बंधनकारक आहे, आणि फिरत्या भागांना कव्हर हवं हे त्याच कायद्याचं कलम २१. तिथं अर्ज गेला की कव्हर दुसऱ्या दिवशी परत बसतं, तेव्हा जायच्या आधी कुणाकडनं तरी फोटो मिळवा.

वकिलाच्या पैशाची काळजी असेल तर कारखान्यातल्या कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टाच्या आवारात प्राधिकरणाचं ऑफिस आहे, आधार आणि हे सगळे कागद घेऊन जा.

धाकटा_पूर्वभाग
ऑगस्ट २०२४

उशीर झाला सांगायला, माफ करा. अर्ज तिन्हीकडं गेले. ईएसआयवाल्यांनी पहिल्या दिवशी मालकाचा फॉर्म आणा म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी मी ताईंनी सांगितलेलं म्हणून दाखवलं की फॉर्म आणणं कामगाराचं काम नाही, अर्ज घ्या नाहीतर घेत नाही असं लिहून द्या. घेतला. तीन आठवड्यांनी अधिकारी कारखान्यात जाऊन आले, त्या दिवशी शिलाईच्या बायकांना मागच्या दारानं घरी पाठवलेलं, पण शिलाई मशीन बारा होत्या त्या कुठं लपवणार.

शेजारच्या मागवाल्यानं जबाब दिला. का दिला माहीत नाही, आम्हाला वाटलं नव्हतं. रजेचे पैसे सुरू झालेत, मेडिकल बोर्डाची तारीख यायची आहे. मालक बोलत नाही, पण उचल टाक असं पण म्हणला नाही अजून. वहिनी म्हणते तू एकटाच टाइप करत बसलेलास रात्री, तुझ्यामुळं झालं, मी म्हणलं माझ्यामुळं नाही, कुठल्यातरी चार माणसांमुळं, ज्यांची नावं पण माहीत नाहीत.

चार_बोटांचा_जॉबर

बोर्डापुढं जाताना पट्टी काढून जा. आणि मूठ वळून दाखवा, नुसतं बोट नाही, पकड किती गेली ते. माग धरायला पकड लागतीय.

मोफत_सल्ला_केंद्रवाली
डिसेंबर २०२५

हा जुना धागा अजून लोक शोधून येतात म्हणून लिहिते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झालीय, ईएसआय आणि भरपाई हे दोन्ही कायदे त्यात गेले. वर दिलेले कलम नंबर जुन्या कायद्यांचे आहेत, तुमचा अपघात त्या तारखेनंतरचा असेल तर इथले नंबर बघून अर्जात लिहू नका, नुसती हकीकत लिहा आणि कलम प्राधिकरणात विचारून घाला. अर्ज स्वतः द्यायचा, पोच घ्यायची आणि गेटवर बसायचं नाही, हे आजही तसंच करा.